समुदाय महाविद्यालयातील सामाजिक शास्त्रांचे अध्ययन आणि त्यापुढील व्यवसायमार्ग : एक चिकित्सा

१. प्रस्तावना

सामाजिक शास्त्रांचे शिक्षण घेऊन पुढे काय करावयाचे, हा प्रश्न कला शाखेच्या प्राध्यापकास नवा नाही. प्रवेशाच्या काळात पालक तो विचारतात आणि मूल्यांकनासाठी येणारी समितीही तो विचारते. या प्रश्नाला महाविद्यालये सामान्यतः एका तक्त्याने उत्तर देतात. समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय एका रकान्यात आणि त्या विषयांतून खुल्या होणाऱ्या व्यवसायांची नावे दुसऱ्या रकान्यात, असे त्याचे स्वरूप असते.

अमेरिकेतील समुदाय महाविद्यालये, म्हणजेच कम्युनिटी कॉलेजे, हेच उत्तर देतात. परंतु तेथे ते अधिक अडचणीचे ठरते, कारण या संस्थांचा मुख्य अभ्यासक्रम दोनच वर्षांचा असतो आणि तक्त्यातील बहुतेक व्यवसाय त्या दोन वर्षांच्या फार पलीकडे असतात. प्रस्तुत लेखात या संस्थांतील सामाजिक शास्त्रांच्या अध्ययनाची चिकित्सा करावयाची आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, येथील सामाजिक शास्त्रांची पदवी ही स्वतंत्र व्यावसायिक पात्रता नसून एका दीर्घ मार्गाचा पूर्वार्ध आहे. त्यामुळे तिचे मूल्य व्यवसायांच्या यादीवरून ठरत नाही. उत्तरार्धाशी तिची जी सांधणी केलेली असते, तिच्यावरून ते ठरते. ही सांधणी दुर्बल असताना यादी मात्र ठळकपणे मांडणे म्हणजे विद्यार्थ्याची दिशाभूल करणे होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्याकडेही दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद झाली असल्याने हा विचार आता आपल्यालाही लागू होतो.

२. संस्थेची जडणघडण

समुदाय महाविद्यालयांचा इतिहास सामान्यतः इलिनॉय राज्यातील जॉलिएट ज्युनिअर कॉलेजपासून सांगितला जातो. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जॉलिएट येथील शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारविनिमयातून १९०१ मध्ये ते सुरू झाले. प्रारंभी तेथे सहाच विद्यार्थी होते. विद्यापीठीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याच्या गावातच पूर्ण व्हावीत आणि नंतर त्याने विद्यापीठात जावे, ही त्यामागील कल्पना होती. म्हणजे ही संस्था जन्मतःच विद्यापीठाकडे नेणारा दुवा होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा प्रश्न मोठा झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४६ मध्ये नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ मध्ये आपला अहवाल दिला. 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ होण्यास हा अहवाल कारणीभूत झाला. १९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने आपल्या बृहत् आराखड्यात उच्च शिक्षणाची त्रिस्तरीय रचना निश्चित केली. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांस कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशास राज्य विद्यापीठे आणि उर्वरित सर्वांस समुदाय महाविद्यालयांचे खुले दार, अशी ही व्यवस्था होती. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये असून त्यांत सुमारे २० लाख विद्यार्थी शिकतात. तेथील रहिवासी विद्यार्थ्यासाठी शुल्क २०१२ पासून प्रति श्रेयांक ४६ डॉलर आहे. साठ श्रेयांकांची संपूर्ण पदवी २,७६० डॉलर शुल्कात होते आणि अल्प उत्पन्न गटातील अनेकांस तेही माफ असते.

या विस्ताराबरोबर संस्थेची कार्ये वाढत गेली. विद्यापीठाची पूर्वतयारी, व्यवसायशिक्षण, शालेय शिक्षणातील उणिवा भरून काढणारे उपचारात्मक वर्ग, प्रौढ शिक्षण आणि परिसरासाठीचे उपक्रम ही सर्व कामे एकाच छताखाली आली. सामाजिक शास्त्रांचे स्थान यांपैकी प्रामुख्याने पहिल्या कार्यात आहे.

३. दोन वर्षांतील अध्ययनाचे स्वरूप

समुदाय महाविद्यालयातील सामाजिक शास्त्रांचा विद्यार्थी सामान्यतः असोसिएट इन आर्ट्स ही पदवी घेतो. समाजशास्त्राची ओळख, सामान्य मानसशास्त्र, अमेरिकन शासनव्यवस्था, अमेरिकेचा इतिहास, सूक्ष्मलक्ष्यी व समग्रलक्ष्यी अर्थशास्त्र, सांस्कृतिक मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र अशा प्रारंभिक अभ्यासक्रमांचा त्यात समावेश असतो. त्यांच्या जोडीला इंग्रजी लेखन, गणित व एखादे निसर्गविज्ञान असते. विषयाचे विशेष अध्ययन, संशोधनपद्धतींचा सराव आणि प्रबंधलेखन यांचा मोठा भाग तिसऱ्या व चौथ्या वर्षासाठी, म्हणजे विद्यापीठासाठी, राखलेला असतो.

या अध्ययनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात आलेला, दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात बसणारा, कधी स्थलांतरित पालकांचा, कधी स्वतःच पालक असलेला विद्यार्थी येथे प्रथम आपल्या परिस्थितीकडे सामाजिक रचनेचा भाग म्हणून पाहावयास शिकतो. वर्ग, वंश, लिंगभाव, स्थलांतर हे विषय त्याच्या दृष्टीने पाठ्यपुस्तकापुरते नसतात. नागरिक घडविण्याचे जे उद्दिष्ट ट्रूमन आयोगाने समोर ठेवले होते, ते साध्य होण्याची शक्यता याच वर्गांत सर्वाधिक आहे. परंतु दृष्टी मिळणे आणि उपजीविका मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीविषयी बोलताना पहिलीचा गौरव पुरेसा ठरत नाही.

४. व्यवसायांच्या यादीची तपासणी

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यासाठी समाजशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, नगररचनाकार, वकील, समाजकार्यकर्ता, शिक्षक, परिवीक्षा अधिकारी अशी नावे आढळतात. अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय प्रत्येक व्यवसायासाठी सामान्यतः आवश्यक असणारी किमान शैक्षणिक पात्रता प्रसिद्ध करते. तिच्याशी ही नावे ताडून पाहिली असता तीन गट पडतात.

पहिल्या गटात समाजशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, राज्यशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ, इतिहासकार, नगररचनाकार व शालेय समुपदेशक येतात. या सर्वांसाठी पदव्युत्तर पदवी लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञास सामान्यतः डॉक्टरेट, तर वकिलास चार वर्षांच्या पदवीनंतर तीन वर्षांची विधी पदवी आवश्यक असते. दुसऱ्या गटात परिवीक्षा अधिकारी, शालेय शिक्षक, मनुष्यबळ विभागातील कर्मचारी, बाजारपेठ विश्लेषक आणि प्राथमिक स्तरावरील समाजकार्यकर्ता येतात. त्यांस चार वर्षांची पदवी लागते आणि शिक्षकास त्यावर शासकीय परवानाही घ्यावा लागतो. तिसऱ्या गटात दोन वर्षांच्या पदवीवर किंवा त्याहून कमी शिक्षणावर मिळणारी कामे येतात. विधी साहाय्यक, पूर्वप्राथमिक शिक्षक, सामाजिक व मानवी सेवा साहाय्यक आणि पोलीस ही त्यांतील प्रमुख होत.

या वर्गीकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, यादीत अग्रभागी असणारी प्रतिष्ठित नावे बहुतांशी पहिल्या गटातील असतात आणि त्या गटातील काही व्यवसाय संख्येनेही अत्यल्प आहेत. संपूर्ण अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ या पदनामाच्या नोकऱ्या तीन-साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, तर सामाजिक व मानवी सेवा साहाय्यकांच्या नोकऱ्या चार लाखांहून अधिक आहेत. ज्या कामाची शक्यता शंभरपटींनी अधिक आहे ते यादीच्या तळाशी, आणि जे दुर्मिळ ते शिरोभागी, असा हा क्रम असतो. दोन, तिसऱ्या गटातील कामांसाठीही असोसिएट इन आर्ट्स ही पदवी सर्वात सोयीची नसते. विधी साहाय्यक, मानवी सेवा, बालशिक्षण यांचे स्वतंत्र व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम त्याच महाविद्यालयात चालतात आणि अनेक राज्यांत त्यांची पदवी असोसिएट इन अप्लाइड सायन्स या वेगळ्या नावाने दिली जाते. नियोक्ता स्वाभाविकपणे त्यांस पसंती देतो. उलट, अशा व्यवसायाभिमुख पदवीचे बरेच श्रेयांक विद्यापीठात गेल्यावर मान्य होत नाहीत. म्हणजे नोकरीकडे जाणारी वाट विद्यापीठापाशी अडते आणि विद्यापीठाकडे जाणारी वाट, मध्येच सोडल्यास, नोकरीपाशी अडते. दोन वाटांमधील हा फरक प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यास सांगितला गेला पाहिजे. परंतु व्यवसायांच्या तक्त्यात त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

५. आकांक्षांचे शीतलीकरण : एक जुना वाद

या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणी प्रथम बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने केली. सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजच्या अभ्यासावर आधारित त्यांचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. खुले प्रवेश देणारी संस्था अपात्र ठरणाऱ्या विद्यार्थ्यास बाहेर काढत नाही. ती त्याच्या आकांक्षा हळूहळू थंड करते, असे त्यांचे निरीक्षण होते. 'कूलिंग आउट' ही संज्ञा त्यांनी अर्विंग गॉफमन यांच्या १९५२ मधील निबंधावरून घेतली होती. ठकविल्या गेलेल्या माणसाने आरडाओरडा करू नये म्हणून त्याची समजूत घालणे, हा तिचा मूळ संदर्भ होता. पूर्वपरीक्षा, समुपदेशकाची मुलाखत, महाविद्यालयाची ओळख करून देणारा सक्तीचा वर्ग, 'सुधारणा आवश्यक' अशा सूचना आणि अखेरीस परिवीक्षा, अशा टप्प्यांनी विद्यार्थी स्वतःच आपले ध्येय लहान करून घेतो. व्यवस्थेचा दोष त्याला स्वतःचा दोष वाटू लागतो.

क्लार्क यांची भूमिका निषेधाची नव्हती. लोकशाही समाज सर्वांस संधीचे आश्वासन देतो, परंतु वरच्या जागा मर्यादित असतात. या विसंगतीतून मार्ग काढण्याचे एक कार्य ही संस्था पार पाडते, असे ते मानीत. १९८० मध्ये त्यांनी आपल्या मांडणीचा पुनर्विचार केला, तेव्हाही ती मूलतः सोडून दिली नाही. टीकाकारांनी मात्र याच निरीक्षणावर आक्षेपपत्र उभे केले. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी 'द डायव्हर्टेड ड्रीम' या १९८९ मधील ग्रंथात दाखविले की, व्यवसायशिक्षणाकडे झालेले वळण प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या मागणीतून आले नव्हते. विद्यापीठांनी न व्यापलेले क्षेत्र शोधणाऱ्या महाविद्यालयीन नेतृत्वाने ते दीर्घकाळ घडवून आणले. दुसऱ्या बाजूस, अर्थशास्त्रज्ञ सेसिलिया राउस यांच्या १९९५ मधील अभ्यासाने या संस्थांमुळे एकूण शैक्षणिक प्राप्ती वाढते, असे निदर्शनास आणले. अन्यथा महाविद्यालयाची पायरीही न चढणारे अनेक जण येथे येतात, ही बाब टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

या वादात प्रस्तुत लेखकास एक उणीव जाणवते. दोन्ही पक्ष शीतलीकरणाचा विचार मुख्यतः विद्यार्थ्यास व्यवसायशिक्षणाकडे वळविण्याच्या संदर्भात करतात. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याबाबत मात्र याच्या उलट प्रक्रियाही घडते. त्याला कोणी वळवीत नाही. व्यवसायांची यादी त्याची आकांक्षा तापतीच ठेवते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचे टप्पे मात्र त्याच्या नजरेआड राहतात. शीतलीकरण होतेच, परंतु ते समुपदेशकाच्या खोलीत होत नाही. दोन-तीन वर्षांनंतर, नोकरीच्या अर्जाला उत्तर येत नाही तेव्हा, ते एकाकीपणे होते. क्लार्क यांनी वर्णिलेल्या पद्धतीत निदान समजूत घालणारा कोणी तरी समोर असे. येथे तोही नसतो.

६. ट्रान्सफरची वाट आणि तिच्यातील गळती

तात्पर्य, सारा भार ट्रान्सफरवर, म्हणजे दोन वर्षांनंतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्यावर, येऊन पडतो. येथील चित्र चिंताजनक आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील समुदाय महाविद्यालय संशोधन केंद्राने इतर संस्थांच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासांनुसार, प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांस चार वर्षांची पदवी घ्यावयाची असते. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश विद्यापीठात पोहोचतात आणि सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २०१६ च्या अहवालात १४ टक्के, तर २०२४ च्या अहवालात १६ टक्के होते. जे पोहोचतात त्यांचेही सर्व श्रेयांक सोबत जात नाहीत. अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले होते. हा आकडा सर्व प्रकारच्या संस्थांचा मिळून आहे; तथापि विद्यार्थ्याच्या वेळेची आणि पैशाची हानी किती मोठी असू शकते, हे त्यावरून कळते.

यावर कॅलिफोर्नियाने योजलेला उपाय अभ्यसनीय आहे. २०१० मध्ये तेथे झालेल्या कायद्याने 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' ही पदवी निर्माण झाली. साठ श्रेयांकांची ही पदवी मिळविणाऱ्यास राज्य विद्यापीठ व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते आणि समकक्ष विषयात आणखी साठ श्रेयांकांत त्याची पदवी पूर्ण होईल, असे बंधन विद्यापीठावर येते. समाजशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास, भूगोल हे विषय या योजनेत आहेत. मात्र हमी व्यवस्थेतील प्रवेशाची आहे. विद्यार्थ्याच्या घराजवळील विशिष्ट विद्यापीठाची किंवा हव्या त्याच विषयाची नाही. घर, नोकरी आणि मुले यांनी बांधलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मर्यादा मोठी आहे. तरीही सामाजिक शास्त्रांच्या पदवीचे मूल्य कायदेशीर सांधणीने वाढविता येते, हे या प्रयोगाने दाखविले.

दुसरा उपाय मार्गदर्शनाचा. टॉमस बेली, शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात या महाविद्यालयांची तुलना उपाहारगृहाशी केली. पदार्थ पुष्कळ, परंतु काय निवडावे हे सांगणारा कोणी नाही. त्यांनी सुचविलेल्या 'मार्गदर्शित मार्ग' या रचनेत प्रत्येक विषयाचा सत्रनिहाय आराखडा, त्याचे विद्यापीठातील पुढचे टोक आणि त्यापुढील व्यवसाय ही साखळी प्रारंभीच मांडली जाते. यात अडचण मनुष्यबळाची आहे. या महाविद्यालयांतील निम्म्याहून बरेच अधिक अध्यापक अर्धवेळ असतात. दिवसभरात दोन-तीन महाविद्यालयांत तास घेणाऱ्या अध्यापकाकडे विद्यार्थ्यास भेटण्यासाठी ना वेळ असतो, ना खोली. ज्या विषयांत मार्गदर्शनाची निकड सर्वाधिक, तेथेच ते देणारा अध्यापक असा अस्थिर ठेवणे, ही या व्यवस्थेची मूलभूत विसंगती होय. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांस ती वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

७. भारतीय संदर्भ

भारतात समुदाय महाविद्यालयाची कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरी येथे प्रथम रुजली. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तिला देशव्यापी योजनेचे रूप दिले. या योजनेचा भर मात्र जवळजवळ पूर्णतः कौशल्याधारित अभ्यासक्रमांवर राहिला. स्थानिक उद्योगाची गरज आणि अल्पमुदतीची पदविका या दोन गोष्टी आपण घेतल्या. विद्यापीठाकडे नेणारा पूल आणि सामाजिक शास्त्रांचे अध्ययन या दोन गोष्टी सोडून दिल्या. संस्थेचे नाव आले, परंतु जॉलिएट येथील तिचा मूळ हेतू आला नाही.

हा सोडलेला भाग आता दुसऱ्या दाराने आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रम रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते. तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि कमाल सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. श्रेयांक जपून ठेवण्यासाठी २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स अस्तित्वात आहे. महाराष्ट्रात ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली.

राज्यशास्त्रात किंवा समाजशास्त्रात दोन वर्षांची पदविका घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी अमेरिकेतील असोसिएट पदवीधारकाच्या जागीच उभा असेल. फरक असला तर तो त्याच्या विरुद्धच जाणारा आहे. आपल्याकडे स्पर्धापरीक्षा, बी.एड., विधी किंवा समाजकार्य यांच्या बहुतेक वाटा किमान पदवीपासून सुरू होतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम हा एक अपवाद, पण त्यासाठी पदविकेची गरजच नाही. मध्येच बाहेर पडण्याची तरतूद ही अडचणीतील विद्यार्थ्यासाठी सवलत आहे, यात शंका नाही. विवाह, शेतीचे नुकसान, घरातील आजारपण यांमुळे शिक्षण सुटणाऱ्यांच्या हाती निदान काही तरी राहील. परंतु सवलत आणि पात्रता यांत गल्लत झाल्यास विभागाच्या फलकावरील तक्त्यात 'पदविकेनंतरच्या संधी' असा आणखी एक रकाना वाढेल आणि तो कशाच्याही आधारावाचून भरला जाईल.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, सामाजिक शास्त्रांच्या विभागाने व्यवसायांची यादी देताना प्रत्येक व्यवसायासमोर लागणारी पदवी, एकूण वर्षे, प्रवेशपरीक्षा आणि अंदाजे खर्च नोंदविला पाहिजे. अशी यादी कमी आकर्षक दिसेल, परंतु तीच प्रामाणिक असेल. दुसरा, दुर्मिळ व प्रतिष्ठित व्यवसायांबरोबरच क्षेत्रीय सर्वेक्षण, स्वयंसेवी संस्थांतील काम, स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित कामे यांची माहिती तितक्याच आदराने दिली पाहिजे. तिसरा, संख्याशास्त्र, सर्वेक्षणपद्धती आणि अहवाललेखन ही कौशल्ये पहिल्या दोन वर्षांतच शिकविणे इष्ट ठरेल, म्हणजे मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या हाती विषयाची काही उपयुक्त शिदोरी राहील. चौथा, बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचा पत्ता व दूरध्वनी विभागाकडे असावा आणि तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी त्यास परत बोलावण्याची जबाबदारी निश्चित केलेली असावी. अमेरिकेच्या अनुभवाचे सार असे की, दार उघडे ठेवल्याने विद्यार्थी आत येतो; तो पुढे जाईल याची तजवीज वेगळी करावी लागते.

सामाजिक शास्त्रांची बाजू मांडताना आपण अनेकदा त्यांच्या उपयुक्ततेची अतिशयोक्ती करतो, कारण विद्यार्थिसंख्या टिकविण्याची चिंता आपल्या मनात असते. विभाग टिकला पाहिजे, हे खरे. परंतु संस्था माणसाला कोणते आश्वासन देते आणि प्रत्यक्षात काय देते, यांतील अंतर मोजणे हेच ज्या शास्त्रांचे काम, त्यांच्या अध्यापकांनी आपल्याच विभागाच्या फलकावरील तक्त्यापासून ते सुरू करावे, अशी अपेक्षा वावगी ठरू नये.